टीव्हीसारखं वाचणारी मुलगी

माझ्या वर्गात तो मोठा टीव्ही आला त्या दिवशी त्याला हार घातला होता. मीच घातला. आज मी त्याच्या नावाने बोटं मोडते, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. मुलांच्या आया विड्या वळतात, घरात तेलुगू बोलतात आणि बाहेर आमची सोलापुरी मराठी. त्या ‘हाय-न्हाय’ची मला भारी चीड. माझी आई तसंच बोलायची आणि डी.एड.ला मुली मला त्यावरून हसायच्या. त्यामुळे टीव्हीतली बाई स्वच्छ, सावकाश धडे वाचू लागली तेव्हा मी खूश झाले. रोज दोन तास टीव्ही लावायचा, मुलांनी तिच्यामागून म्हणायचं आणि मी मागच्या बाकावर बसून मोबाइलवर शाळेची माहिती भरायची. घसाही वाचला.

तिसरीतली एक मुलगी तर हुबेहूब टीव्हीसारखं वाचायची. तपासणीला केंद्रप्रमुख आले की मी तिलाच उभी करायची. "घरात तेलुगू आहे, सर," हे मुद्दाम सांगायची. कौतुक तिचं व्हायचं आणि फुगायची मी.

ती चौथीत गेली, वर्गाबरोबर मीही. दिवाळीनंतर एकदा तिची आई शाळेत आली.

"बाई, पोरीला वाचायला येत न्हाय की."

मला हसूच आलं.

"दवाखान्यात नेलती संगं. कुटल्या खोलीत जायचं, पाटी वाच म्हणलं तर गप उभारली."

"तुम्हाला स्वतःला वाचता येतं का?" मी विचारलं. तो सूर आठवला की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

"न्हाय येत," ती म्हणाली. "म्हणून तर तिला नेलती."

तिला खोटं पाडायला मी मुलीला हाक मारली, पुस्तक उघडून दिलं आणि वाच म्हणाले. तिने कालचा धडा घडाघडा म्हणून दाखवला, टीव्हीतली बाई थांबते तिथे थांबून. समोर उघडं पान होतं कवितेचं. ते आईला कळणं शक्य नव्हतं, पण माझा चेहरा तिला वाचता आला असणार.

दुसऱ्या दिवशी एकेकाला जवळ घेऊन वाचायला लावलं. अर्ध्याहून जास्त वर्गाची तीच गत. मी टीव्हीची वायर काढली, कपाटात कोंडली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मुख्याध्यापकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मॅडम, टीव्हीसाठी लोक देणगीदारांच्या पाया पडतात आणि तुम्ही बंद करताय? हार घालताना कळलं नव्हतं का?"

"नव्हतं कळलं," मी म्हणाले. "आता कळलंय."

मग पालक आले. शेजारच्या वर्गात टीव्ही आहे, आमच्या पोरांनी काय पाप केलंय म्हणे. हे विचारणाऱ्या बाप्याच्या कडेवरचं पोर त्याच्याच मोबाइलमध्ये तोंड घालून बसलं होतं. मी ते त्याला सांगितलं, तर तो माझी तक्रार करायला वर गेला. जा म्हटलं. भांडायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

त्या मुलीपुढे मात्र माझं काही चालेना. पाचवीला ती दुसऱ्या शाळेत जाणार, तिथे तिला अक्षरापासून कोण शिकवणार होतं? हातात चार महिने होते. कालपर्यंत वर्गात पहिली असणारी ती रोज पहिलीचं पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी बसायची आणि बाकीची पोरं टकमक बघायची. एकेका शब्दाला तिला घाम फुटायचा.

मार्चमध्ये केंद्रप्रमुख आले. सवयीने त्यांनी तिलाच उठवलं. एका ओळीला तिला इतका वेळ लागला की त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"ही गेल्या वर्षी छान वाचत होती ना?"

"गेल्या वर्षी तिला येत नव्हतं, सर. आता येतंय."

मुख्याध्यापक गालातल्या गालात हसले. शेरेबुकात माझ्या वर्गापुढे ‘मागे पडला आहे’ असं लिहून दोघे चहाला गेले.

मुलगी माझ्याजवळ आली. डोळे भरले होते, पण रडली नाही. माझा इतका राग आलेलं पोर मी नोकरीत पाहिलं नव्हतं.

"बाई, आधी मला येत होतं की."

येत नव्हतं, तू मला फसवत होतीस, असं सांगायचं होतं का तिला? तिने कुणालाच फसवलं नव्हतं. जे वाचन म्हणून मी डोक्यावर घेतलं तेच तिने मन लावून केलं होतं, आणि ते मीच तिच्याकडून काढून घेतलं होतं. मी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं आणि अडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

तिने माझं बोट बाजूला सारलं आणि तिथे स्वतःचं ठेवलं.