हिरवं दिसलं की तळं

कानडी मुलखातल्या आमच्या कारखान्यातले दोन मराठी इंजिनियर कुठंही भेटले की चहा यायच्या आत प्लॉटचा विषय निघतो. एकोणीसशे साठच्या आसपास आम्ही काही जणांनी यशवंतपूरच्या पलीकडं एका तळ्यालगत जागा घेतल्या. त्या एका वर्षात माझे केस जेवढे पिकले तेवढे पुढं सगळ्या नोकरीत पिकले नाहीत! किस्से मात्र भरपूर जमले.

*

जागा बघायला गेलो तेव्हा भर उन्हाळा. जमिनीला भेगा. एजंटला विचारलं, "तळं कुठाय?" तो पूर्वेला हात करून म्हणाला, "लांब आहे, सार."

पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो आणि तेच विचारलं. या वेळी त्यानं हात केला पश्चिमेला, "तळं संपतं ते तिकडं, सार." मध्ये आम्ही उभे होतो, घोटाभर पाण्यात, चपला हातात घेऊन!

*

मग नियम आला. तळ्याच्या ओलीत जे प्लॉट येतील त्यांना घराची परवानगी नाही. हद्द ठरवणारा ओव्हरसीअर बेळगावकडचा, मराठी छान बोलायचा. आम्ही त्याला मातीचे नमुने, लेव्हल, नकाशे असं बरंच काही ऐकवलं.

"स्वल्प थांबा, सार," तो म्हणाला. "मी ऐन उन्हाळ्यात येतो. सगळं वाळलेलं असताना जिथं हिरवं दिसेल, ते तळं."

सगळ्यांत जास्त धसका घेतला आमच्या गोखल्यांनी. पुढच्या वर्षी ते रिटायर होणार, म्हणजे क्वार्टर सोडायचं. पुण्यातली भाड्याची जागा केव्हाच गेलेली. हा प्लॉट गेला तर नवरा-बायकोनं ट्रंका घेऊन जायचं कुठं? माझा प्लॉट त्यांना लागूनच. त्यांचा गेला की माझाही गेला, म्हणून माझीही झोप उडालेली.

*

गोखल्यांनी प्लॉटवर हातभर खड्डा खणला, वर पत्रा ठेवला. दुसऱ्या दिवशी पत्रा उचलला तर खाली पाणी.

"दव पडलं असेल," गोखले म्हणाले.

सुमतीवहिनी वाकून बघत होत्या. "अहो, दवात बेडूक येतो का?"

*

मुहूर्त टळू नये म्हणून गोखल्यांनी परवानगीच्या आधीच भूमिपूजन उरकलं. पहिली कुदळ पडली आणि खड्ड्यात पाणी झिरपायला लागलं. गुरुजींना केवढा आनंद! "गंगामाई स्वतः आली! यजमान, भाग्यवान आहात!"

गोखले पांढरेफटक पडले. "गुरुजी, जरा हळू बोला हो. रस्त्यावरून ओव्हरसीअरच्या ऑफिसची माणसं जातात!"

*

घराच्या आखणीसाठी खुंट्या ठोकल्या, तर आजूबाजूचे लोक त्या चुलीसाठी उपटून न्यायचे. दोनदा गेल्या. गोखल्यांनी डोकं चालवलं. क्वार्टरच्या मागचा शेवगा वाऱ्यानं मोडला होता, त्याच्या फांद्या तोडून खुंट्या केल्या.

"शेवग्याचं लाकूड धड जळत नाही. कोण नेतंय बघू!" ते म्हणाले.

खरंच कुणी नेल्या नाहीत. इंजिनियरची अक्कल म्हणून कारखान्यात कौतुकही झालं!

*

ओव्हरसीअर येणार त्याच्या आठवडाभर आधीपासून गोखले रोज ड्यूटीवरून सुटले की प्लॉटवर. लव्हाळा उपट, गवत उपट. हाताला फोड आले. आदल्या दिवशी ताप भरला, काम अर्धवट राहिलं, तेव्हा वहिनींना बजावलं, "सकाळी एकदा फिरून ये. हिरवं काही दिसता कामा नये. एक पानसुद्धा!"

वहिनी पहाटे पिशवी घेऊन गेल्या आणि उन्हं चढायच्या आत परतल्या.

ओव्हरसीअर आला. मी बरोबर होतो, गोखले अंगात ताप घेऊन, मफलर गुंडाळून. प्लॉट कसा स्वच्छ, तपकिरी! चारी कोपऱ्यांना उघड्याबोडक्या खुंट्या. तो एक चक्कर मारून म्हणाला, "सरी, ठीक आहे. सही करतो." गोखल्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

आनंदाच्या भरात त्यांनी त्याला क्वार्टरवर जेवायला नेलं. कागद ताटाशेजारीच ठेवला, सही जेवणानंतर करायची होती. वहिनींनी गरम भाकरी वाढली, शेवग्याच्या पाल्याची भाजी वाढली.

"नुग्गे सोप्पु!" ओव्हरसीअर खूश झाला. "एवढा कोवळा पाला, या उन्हाळ्यात? मार्केटमध्ये तर काडी मिळत नाही. कुठं मिळाला, अक्का?"

"विकतचा नाही हो, घरचाच," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "नव्या घरचा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याची खुंटी भरभरून फुटली होती."

गोखल्यांचा घास हातातच राहिला. मी पाण्याचं भांडं तोंडाला लावलं, ते खाली ठेवायची हिंमत होईना.

ओव्हरसीअरनं शांतपणे आणखी भाजी वाढून घेतली. "आणि बाकीचे कोपरे, अक्का?"

"हॉलला तर विचारू नका, पिशवी भरली!" वहिनी म्हणाल्या. "घरी न्यायला बांधून देऊ का थोडी?"