थंड लागलेली पट्टी

बाप गेल्यावर सुतारकामाचा कारखाना दोघा भावंडांनी वाटून घेतला होता. थोरला भाऊ गिऱ्हाइकं आणि गाडी सांभाळायचा, लाकूड बहिणीकडे. चाळिशी उलटलेली ही बाई दारं अशी करायची की गल्लीतले लोक तिला नुसतं ‘मिस्त्री’ म्हणत.

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या शिंपीकाकांची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. त्यांच्या खोलीला पत्र्याचं दार होतं. ते मिस्त्रीला म्हणाले, “थंडीत हात लावला की जीव कळवळतो गं. आणि दार लावलं की डबा आपटल्यासारखं वाजतं. मला लाकडाचं करून दे. लाकडाला हात लागला की घरात असल्यासारखं वाटतं.”

“लाकूड गारठत नाही काका, आवाजही मऊ करतं,” मिस्त्री म्हणाली. “फक्त त्याला खोड एकच. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. म्हणून आधी मुरवावं लागतं. माझ्याकडची फळी तीन वर्षं मुरल्याशिवाय रंध्याखाली येत नाही.”

बोलून गेली खरी. दार होत आलं आणि शेवटची उभी पट्टी कापताना फळीच्या पोटात भेग निघाली. मुरलेली दुसरी फळी नव्हती. होती ती चार महिन्यांपूर्वी आलेली. मिस्त्रीनं ती उचलून पाहिली, हाताला जड लागली. आत ओल होती.

“दार उद्या लावायचा शब्द दिलाय,” भाऊ म्हणाला. “एका पट्टीनं काय आभाळ कोसळणार आहे?”

तिनं पट्टी घातली. पॉलिश केल्यावर तिलाही वेगळी दिसेना.

दुसऱ्या दिवशी दार लागलं. काकांनी ते दोन्ही हातांनी वरपासून खालपर्यंत चाचपलं. चाळीस वर्षं कापडाचं सूत न् सूत ओळखणारी ती बोटं. ती कडीच्या बाजूला येऊन थांबली.

“ही पट्टी थंड का लागते गं?”

मिस्त्रीनं खिडकीकडे पाहिलं. “खिडकीचा वारा लागतो ना काका, म्हणून.”

काकांनी बोटं एकमेकांवर चोळली. “असेल,” म्हणाले.

तेव्हापासून मिस्त्रीचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. आठवड्यानं ती बिजागऱ्यांना तेल घालायला गेली. पंधरा दिवसांनी कडी तपासायला. मग ‘इकडून चालले होते’ म्हणून. प्रत्येक वेळी एक डोळा मिटून दाराची कड न्याहाळायची, काकूंनी दिलेला चहा घशाखाली ढकलायची.

“इतकी काळजी पोटची लेक करत नाही,” काकू म्हणायच्या. त्या शब्दांनी तिला बसल्या जागी काटे टोचायचे.

कारखान्यात ती मापं चुकू लागली. जेवता जेवता ताटावरून उठायची, अंगणात चार फेऱ्या मारून परत यायची. भाऊ वैतागला. “शेपटीवर पाय पडल्यासारखी काय फिरतेस? दारानं तक्रार केली का?”

“दार करणार नाही,” ती म्हणाली. “तेच तर.”

दोन महिन्यांनी हवा कोरडी झाली. मिस्त्रीनं दाराच्या कडेला दोरी ताणून पाहिली. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी फट. पट्टीला बाक आला होता. पिशवीत रंधा होता. चार हात फिरवले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. तिनं पिशवीत हात घातलाही.

तेवढ्यात काकू हळूच म्हणाल्या, “यांना काल डॉक्टरांकडे नेलं होतं. हल्ली कशाला हातच लावत नाहीत. म्हणतात, डोळे गेले, आता बोटंही खोटं सांगायला लागली. तुझ्या त्या दारापासूनच डोक्यात घेतलंय. वाऱ्याचा गारवा आणि लाकडाचा गारवा यातला फरक कळला नाही म्हणे आपल्याला.”

मिस्त्रीनं पिशवी खाली ठेवली. काका खुर्चीत, हात मांडीवर पालथे घालून बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

“काका, ती पट्टी थंडच होती. लाकूड ओलं होतं. मला ठाऊक होतं. मी खोटं बोलले.”

काकांचा आवाज चढला. “दार वाकडं चाललं असतं मला! माझ्याकडे उरलंय काय, हे दहा बोटांचं सोडून? दोन महिने मी त्यांना नावं ठेवतोय, आणि तू इथे बसून चहा पितेस?”

काकूंनी मान फिरवली. मिस्त्री म्हणाली, “पट्टी बदलून देते. फळी तुम्हीच निवडा. माझ्या शब्दावर नको.”

दुसऱ्या दिवशी काकू त्यांना कारखान्यात घेऊन आल्या. दारातल्या भुशावरून पाय घसरला, तेव्हा काकांनी मिस्त्रीच्या कमरेचा एप्रन घट्ट पकडला. तसेच ते फळ्यांपर्यंत गेले. भावानं नव्या-जुन्या सहा फळ्या मांडल्या होत्या. काकांनी तळवा टेकवला, बोटांनी टकटक केली, पुन्हा तळवा. चार नाकारल्या. पाचवीवर थांबले. “ही.”

मिस्त्रीनं ‘बरोबर’ म्हटलं नाही. त्या फळीचा तुकडा कापून तिनं वजनकाट्यावर ठेवला आणि काकूंना आकडा वाचायला लावला. मग तुकडा रात्रभर शेगडीजवळ ठेवला. ओल असती तर वजन उतरलं असतं. सकाळी दोघं परत आले तेव्हा काकूंनी पुन्हा आकडा वाचला.

“उतरलं का?” काकांनी विचारलं.

“तिळभर. नसल्यासारखंच.”

काकांनी दोन्ही हात समोर धरले, दिसत असल्यासारखे. मग खिशात घातले आणि “चल घरी,” म्हणाले.

नवी पट्टी बसवायला अख्खा दिवस गेला. त्या दिवशी मिस्त्रीला चहा मिळाला नाही, तिनं अपेक्षाही केली नव्हती. काकांनी माफ केलं की नाही, हे विचारायचा धीर तिला झाला नाही, आणि ते न कळल्यामुळे आणखी आठ दिवस तिची झोप उडालेली राहिली.

नवव्या दिवशी काकू कारखान्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“तुझा एप्रन दे,” म्हणाल्या. “खिसा उसवलाय म्हणे, त्या दिवशी यांच्या हाताला लागला होता. सकाळपासून सुई-दोरा घेऊन बसलेत.”

मिस्त्रीनं घाईघाईनं एप्रनची गाठ सोडली. आत खिळे होते. ते काढताना निम्मे भुशात सांडले.