ताईचं हेल्मेट आणि माझी शेवंतीची वेणी

हे माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, आईसमोर नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा आडून आडूनच बोलले — म्हणजे देवाला काय कळलं असेल? तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते आहे. अडखळत बोलेन. सवय नाही खरं बोलायची, निदान या बाबतीत तरी.

आधी ताईबद्दल सांगते, नाहीतर मी काय केलं ते कळायचंच नाही. सुरेखा माझी नणंद. वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण नणंद ती नणंद, मी ताईच म्हणते. नर्स आहे. डोळखांबकडच्या पाड्यांवर लसीचा डबा खांद्याला लावून फिरते. लग्न केलं नाही — का, ते विचारायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावर. तिथून आधी एसटी, मग जीप, मग पायी, असं रोजचं. एक दिवस जेवताना म्हणाली, “वयनी, मी गाडी घेते.” आम्हाला वाटलं स्कूटी. बाईनं मोटारसायकल घेतली! चढाला दम टिकला पायजे म्हणाली. तेहतिसाव्या वर्षी गावाच्या माळावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शिकली. दोनदा आपटली, कपडे झटकले, परत बसली. मी असते तर चार दिवस घराबाहेर पडले नसते.

आता आमच्याकडे हेल्मेटचं कसं आहे, ते ऐका. आमच्याकडे हेल्मेट डोक्यासाठी नसतं, नाक्यावरच्या पोलिसासाठी असतं. फाट्यावरच्या किराणा दुकानात खिळ्याला एक टांगलेलं आहे. कुणाचं, कुणालाच ठाऊक नाही. ज्याला मुरबाडला जायचं त्यानं ते न्यायचं, आल्यावर परत टांगायचं. शेजारून शिडी आणावी तसं. आतून असा वास येतो की विचारू नका. पण हेल्मेट मागितलं आणि कुणी नाही म्हटलं, असं आमच्या गावात कधी झालेलं नाही.

आणि या गावातली ताई शहापूरला हेल्मेट घ्यायला निघाली, मला सोबतीला घेऊन. मी म्हटलं पाच मिनिटांचं काम, मग भाजी घेऊ. कसचं काय! दुकानात तिनं पर्समधून शिवणाची टेप काढली आणि भुवयांच्या वरून डोक्याचं माप घेतलं. मग एकेक हेल्मेट घालून दहा-दहा मिनिटं नुसती उभी. कपाळाला कुठं टोचतंय का, गाल नीट दाबले जातात का, मान हलवली की ते डोक्याबरोबर फिरतं का एकटंच फिरतं. पट्टा बांधून मला म्हणाली, मागून वर ओढ, निघतंय का बघ. मी ओढतेय, ती “अजून जोरात ओढ गो” म्हणतेय, दुकानदार कपाळाला हात लावून बसलाय. “मॅडम, लग्नाचा शालू पन कोन इतका बघत नाय,” तो म्हणाला. ताई हसलीसुद्धा नाही. काच वरखाली करून बघितली, आयएसआयचा शिक्का बघितला, मग बिल कर म्हणाली. हातमोजे घेतले. कोपराला आणि खांद्याला जाड पॅड असलेलं जाकीट घेतलं. बूट मनासारखे मिळेनात, तर कारखान्यात घालतात तसले घोट्याच्या वर येणारे घेतले. मला त्या दिवशी तिची लाज वाटत होती. आज आठवलं की वाटतं, स्वतःच्या जिवाची एवढी किंमत करणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

परत येताना एसटीत ते हेल्मेट मांडीवर लहान मुलासारखं धरून बसली होती. तिनं मला एक गोष्ट सांगितली. हेल्मेट एकदा जोरात आपटलं ना वयनी, की ते बाद. वरून काय दिसत नाय, पन आतला थर्माकोल दबलेला असतो. मग ते नुसती टोपी. — हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. हे इथंच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला माहीत नव्हतं असं माझ्याही मनात यायला नको.

गावानं चेष्टा केली, करणारच. “सिस्टर चालली चंद्रावर!” मीही हसले त्यांच्यात. पण दोन-तीन महिन्यांत चित्र पालटलं. गाडी शिकणाऱ्या बाया ताईकडे यायला लागल्या — एक आशाताई, दोन अंगणवाडीच्या, एक ग्रामसेविका. ताई प्रत्येकीला रविवारी शहापूरला न्यायची, टेप घेऊन. त्या दुकानदाराची काय टाप होती तिच्यासमोर हलकं काही ठेवायची! माझ्या नणंदेला विचारल्याशिवाय आजूबाजूच्या चार गावांतली बाई हेल्मेट घेत नाही, हे मी माहेरी सांगायचे. मिरवायचे मी.

मग मुरबाडपलीकडच्या म्हसा गावची जत्रा आली. ताई ट्रेनिंगला गेलेली, हेल्मेट कपाटावर. आम्ही दोघं गाडीवर निघालो. नवऱ्यानं फाट्यावरचं हेल्मेट घेतलं, मागे बसणाऱ्यालाही पावती फाडतात असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून मी ताईचं घेतलं. विचारलं नाही. हेल्मेट कुणी विचारून घेतं का? पण घातलं नाही मी ते. केसांत शेवंतीची वेणी माळली होती, सकाळी उठून स्वतः गुंफलेली. ती चुरगळली असती. नाका आला की घालीन, तोवर पट्ट्याला धरून हातातच ठेवलं. मुरबाडच्या अलीकडे गतिरोधक आला, नवऱ्याला दिसला नाही, मी उडाले, तोल सावरायला हात सोडला — आणि ते गेलं. आपटलं, उसळलं, रस्त्याकडेच्या दगडावर परत आपटलं. तो आवाज अजून कानात आहे.

मागे धावत जाऊन उचललं. फुटलं नव्हतं. मागच्या बाजूला बोटभर ओरखडा. “काय नाय झालं त्याला, चल,” नवरा म्हणाला. त्याच्या दृष्टीनं ते तिथंच संपलं. तो विसरूनही गेला. पण मी? मला माहीत होतं ना. मी जत्रेत काय केलं सांगू? एका दुकानावर चमकणारं लाल फुलाचं स्टिकर मिळालं, ते घेतलं, ओरखड्यावर नीट बसवलं. आणि ताई परतल्यावर म्हटलं, “बघ गो, तुझ्यासाठी जत्रेतून आनलं, रात्री चमकतं.” तिला इतका आनंद झाला. घरातल्या कुणीतरी तिच्या हेल्मेटचं कौतुक केलं, पहिल्यांदाच. गळ्यात पडली माझ्या.

दहा महिने ती ते घालून फिरली. रोज सकाळी ती पट्टा बांधायची तेव्हा मी ओट्यापाशी उभी असायचे. रोज वाटायचं, आज सांगू. सांगितलं असतं तर काय झालं असतं? चिडली असती, दुसरं घेतलं असतं. बस. एवढ्यालाच घाबरले मी.

भातकापणीच्या दिवसांत पाड्यावरून येताना ती पडली. वळणावर कुणीतरी झोडणीचा पेंढा रस्त्यावर पसरलेला, त्यावरून चाक घसरलं. वेगात नव्हती. जाकिटाची बाही फाटली, कोपराला ओरखडासुद्धा नाही. हातमोजे फाटले, तळहात शाबूत. बुटांनी घोटा वाचवला. बाईनं निवडलेली एकेक वस्तू तिच्या कामी आली. फक्त हेल्मेट मागून चिरलं, त्या फुलाच्या खालून. डोक्याला टाके पडले, महिनाभर उठलं की चक्कर. आणि डावा कान गेला. कायमचा.

डॉक्टरांनी विचारलं, हे आधी कधी पडलं होतं का? एरवी इतक्याशा पडण्यात एवढं लागत नाही म्हणाले. ताई खाटेवरूनच ठामपणे म्हणाली, “नाय डॉक्टर, कदीच नाय. मी लय जपते.” मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. थर्मासचं झाकण लावत होते. ते लावतच राहिले. घरी आल्यावर ते हेल्मेट भंगारवाल्याला दिलं. कुणी नीट बघायच्या आत, माझ्या हातानं.

कान गेला त्याचं ताईनं कधी रडगाणं गायलं नाही. उजवा कान पुढे करते, हसते, गाडीवरही बसते अजून. एवढं काळीज कुठून आणते, देव जाणे. पण एक गोष्ट तिनं सोडली. बाया विचारायला आल्या की म्हणायची, “माझीच निवड चुकली गो, तुमाला काय सांगू?” गावात पुन्हा हसणं सुरू झालं — टेप लावून घेतलं आणि शेवटी फुटलंच! मी ऐकत राहिले. हळूहळू बाया यायच्या बंद झाल्या.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला स्कूटी घेतली. अठरा पूर्ण झाली तिला. ती आत्यापाशी गेली, म्हणाली, “आत्या, चल ना शहापूरला, तूच बघून दे.” ताई लसूण सोलत होती. मान वर केली नाही. म्हणाली, “मला काय कळतं गो त्यातलं? तुला आवडंल तो रंग घे.” मी चहा घेऊन दारात उभी होते. पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “चहा निवतोय.”

पोरीनं जांभळं घेतलं. सैल आहे.

ताईला त्यातलं सगळं कळत होतं. तिनं निवडलेलं हेल्मेट चांगलं होतं. ते मी पाडलं.