इर्जिकीला दुधीच्या शेवया

माणसाचं वजन सहा-सात किलोंनी उतरलं की त्याला आपण डॉक्टर झालो असं वाटू लागतं. माझं तसंच झालं. पन्नाशी उलटल्यावर कंपनीच्या तपासणीत माझी साखर काठावर निघाली आणि मी भात, पोळी, बटाटा, चहातली साखर असं सगळं एका दिवसात बंद केलं. खरं तर मी घाबरलो होतो. पण ते कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना सांगत सुटलो, की मी या विषयाचा अभ्यास केला आहे. अभ्यास म्हणजे तळेगावच्या घरून नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात कंपनीच्या बसने जाता-येता मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ.

त्याच व्हिडिओंच्या नादाने ते यंत्र आमच्या घरी आलं. एका बाजूला भाजी टोचायची, दांडा फिरवायचा, की पात्यातून भाजीच्या लांबच लांब शेवया निघतात. नूडल्सच्या जागी त्या खायच्या, भाताच्या जागी त्या खायच्या, पोळीच्या जागीही त्याच. बायको त्याला पेन्सिलीचं शार्पनर म्हणायची. मला राग यायचा. नव्याने देवभोळा झालेल्या माणसाला त्याच्या देवाची थट्टा सोसत नाही, तशातली गत.

पहिल्या महिन्यात मी बीट फिरवून ओट्यामागच्या फरशा रंगवल्या. मुळा फिरवला तेव्हा शेजारच्यांनी गॅस गळतोय का म्हणून दार वाजवलं. गाजराचे तुकडे पडायचे, काकडी हातात यायच्या आधीच विरघळायची. शेवटी दुधीवर गाडी येऊन थांबली. दुधी स्वस्त, बाराही महिने मिळणारा, आणि त्याच्या शेवया दिसायला अगदी पांढऱ्याशुभ्र. फक्त मीठ लागलं की तो पाणी सोडतो, आणि सोडतो म्हणजे किती! माझ्या जुन्या पंच्यात बांधून मी तो रोज पिळायचो. कँटीनमध्ये डबा उघडला की लोक गोळा व्हायचे. एकाने विचारलं, "साहेब, आज लोकर आणलीत का?" मी त्याला अर्धा तास पिष्टमय पदार्थांवर सुनावलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर जागा मोकळी राहू लागली.

एवढ्यावर थांबलो असतो तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण मला दादा आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कार्ल्याच्या डोंगराखाली आमची चार खाचरं आहेत, ती तोच करतो. मी शिकून कंपनीत गेलो, तो भातात राहिला. साखर त्यालाही आहे, माझ्यासारखी काठावरची नव्हे, चांगली मुरलेली. त्या वर्षी उन्हाळ्यात चपलेच्या पट्ट्याने त्याच्या पायाला जखम झाली ती आषाढ उजाडला तरी भरेना. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: भात अगदी कमी करायचा आणि या पावसाळ्यात चिखलात पाय घालायचा नाही. जखम चिघळली तर बोट जाईल, कदाचित पाऊलही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तेव्हापासून मला त्याच्या पायाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

मी दर रविवारी डब्यात शेवया घेऊन कार्ल्याला जाऊ लागलो. दादा झाकण उघडून बघायचा आणि परत लावायचा.

"समदी भात खाणार, आन् म्या एकट्यानंच ह्ये खायाचं?" तो म्हणायचा. "मला काय वाळीत टाकलंय व्हय?"

त्याचं म्हणणं मला पटलं, आणि माझ्या डोक्यात ती भयंकर कल्पना आली.

दादा चिखलात उतरणार नाही म्हटल्यावर लावणी कोण करणार, हा प्रश्न होता. आळीने तो सोडवला. त्यांनी इर्जिक घालायचं ठरवलं. आमच्याकडे एखादं घर अडलं की सगळी आळी एक दिवस त्या घरच्या शेतात राबते. त्याची मजुरी नसते. त्या घराने त्या दिवशी आलेल्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढाच त्याचा कायदा. हल्ली निम्मी आळी कारखान्यात जाते, म्हणून इर्जिकही रविवारी असते. ताटात काय असतं हे कोणी ठरवत नाही, कारण ते ठरलेलंच असतं: डोंगराएवढा भात आणि त्यावर काळ्या मसाल्याची झणझणीत आमटी.

वहिनी स्वतः लावणीला उभ्या राहणार होत्या. मी म्हणालो, जेवण माझ्याकडे. अख्खी पंगत दुधीच्या शेवया खायला बसली की दादा कशाला मागे राहील? त्याला वाळीत टाकल्यासारखं वाटायला नको, म्हणून मी सगळ्या आळीलाच त्याच्या पथ्यावर बसवायचं ठरवलं. मला हे इतकं हुशारीचं वाटलं, की त्या आठवड्यात मी आरशात बघून दोनदा हसलो.

बायकोने सांगून पाहिलं. "अहो, ती माणसं दिवसभर वाकणार आहेत. तुमच्यासारखी खुर्चीत नाही बसणार."

"प्रथिनं घालतोय ना," मी म्हणालो. "दोन किलो पनीर."

"मग तुमचं तुम्हीच वाढा," असं म्हणून ती आली नाही.

पहाटे उठून मी बावीस दुधी फिरवले. दहाव्या दुधीला खांदा गेला, पंधराव्याला यंत्राचं एक पातं गेलं. त्यावर दाण्याचं कूट, तीळ, आलं-लसूण घातलं, आणि गडबडीत मीठही तिथेच, तळेगावातच, घालून मोकळा झालो. दोन मोठी पातेली गाडीत ठेवली आणि कार्ल्याला पोचलो.

वहिनी खाचराकडे निघाल्या होत्या. जाता जाता थबकल्या. "भाऊजी, लय माणसं हायती. भाताचं आधण तेवढं ठिऊन जाते."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "आज कोणी भात मागणारच नाही."

हे वाक्य मी बोललो, आणि मोठ्याने बोललो.

दुपारी माणसं पाय धुऊन ओटीवर येऊन बसली. वीस-बावीस असतील. कपडे ओलेचिंब, हातांची बोटं पाण्याने सुरकुतलेली. मी पातेल्यांची झाकणं काढली. मिठाने सकाळपासून आपलं काम केलं होतं. शेवया तळाशी गेल्या होत्या आणि वर दुधीचं पाणी होतं, त्यावर पनीर तरंगत होतं. मी झाऱ्याने शेवया उपसून पत्रावळींवर वाढल्या. त्या पत्रावळीवर ठरेनात. कोणी बोटाला गुंडाळून बघितलं, कोणी दोन्ही हातांनी तोंडाशी नेलं. सगळ्यांनी खाल्लं मात्र, कारण आमच्याकडे वाढलेल्याला नावं ठेवत नाहीत.

शेजारच्या मावशींनी पत्रावळ साफ केली आणि कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. "ग्वाड हाय रं बाबा. आता भात आन."

"मावशी, भात नाही. आज हेच जेवण आहे."

कोपऱ्यातले एक आबा घास तसाच हातात धरून म्हणाले, "म्हंजी ह्ये जेवायच्या आदीचं न्हवं व्हय?"

इथे तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण मी उभा राहिलो आणि भातात कशी नुसती साखर असते, ती रक्तात कशी चढते, हे त्यांना समजावून सांगितलं. सकाळपासून कमरेत वाकून भात लावणाऱ्या माणसांना मी भात किती वाईट, हे तोंड वर करून ऐकवलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. एवढी शांत पंगत मी आजवर पाहिली नाही.

दादा खाली मान घालून खात होता. त्याने दोनदा मागून घेतलं. मला वाटलं, आपण जिंकलो. तो माझी अब्रू झाकत होता हे कळायला मला पुढे बरेच दिवस लागले.

मग एकेक जण उठू लागला. "वाईच घरी जाऊन येतू," एक म्हणाला. "म्हशीचं बघून येते," दुसरी म्हणाली. एवढ्या म्हशी आळीत कुठून आल्या असा प्रश्नही मला पडला नाही. पाच मिनिटांत ओटी रिकामी झाली. वहिनी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पत्रावळी गोळा केल्या.

"भाऊजी, इर्जिकीचं माणूस आपल्या घरातनं उपाशी उठलं," त्या म्हणाल्या. "आसं कदी झालं नवतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरची दोन खाचरं चिखल करून तयार होती, उपटलेल्या रोपांच्या मुठी बांधावर पडून होत्या, आणि माणसं घरोघर चुली पेटवत बसली होती. मी गाडी काढली आणि कार्ला फाट्यावर गेलो. वडापावच्या गाडीवर जाऊन म्हणालो, "चाळीस द्या." भातावर तासभर बोलून आलेल्या माणसाने पावात बटाटा घातलेले चाळीस नग मागवले. वर सवयीने मी त्याला विचारलंही, की बटाटा जरा कमी घालता येईल का. त्याने माझ्याकडे असं काही बघितलं, की मी तिखट चटणीचंही काही बोललो नाही.

येताना पर्यटकांच्या गाड्यांत अडकलो. रविवार, पाऊस, डोंगरावर जाणारा रस्ता. पाऊण तास जागचा हललो नाही. गाडीत वड्यांचा वास भरला होता आणि मला सडकून भूक लागली होती. मी दोन खाल्ले. हे मी बायकोलाही अजून सांगितलेलं नाही.

वरच्या खाचराशी पोचलो तेव्हा तीन-चार माणसं परतली होती. त्यांच्या पुढे, गुडघाभर चिखलात, दादा वाकून रोपं लावत होता. त्याच्या पायाची पट्टी बांधावर दगडाखाली नीट घडी करून ठेवलेली होती.

"दादा, बाहेर ये!" मी रस्त्यावरूनच ओरडलो. हातात वडापावच्या चार पिशव्या.

"रोपं सुकत्यात," तो मान वर न करता म्हणाला. "यवढी मूठ लावतू आन् येतू."

वहिनी त्याच्या शेजारीच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी पिशव्या बांधावर टाकल्या, बुटांसकट चिखलात उतरलो आणि त्याच्या दंडाला धरून ओढू लागलो. त्याने मूठ संपवली तेव्हाच तो हलला. तोवर बाकीची माणसं वडापाव खाऊ लागली होती आणि आबा माझ्याकडे बघून पहिल्यांदाच खुशीत हसले.

दादा बांधावर बसला. वहिनींनी कळशीने त्याच्या पायांवर पाणी ओतलं. चिखल निघून गेला तरी पाणी लालच येत राहिलं. जुन्या जखमेच्या शेजारी, तळव्यात, हिरव्या बाटलीची काच आत शिरलेली दिसली. ते खाचर रस्त्याला लागून आहे. सुट्टीला येणारी मंडळी तिथे गाड्या लावून पितात आणि बाटल्या आमच्या भातात टाकतात. दादा अजून रोपांकडेच बघत होता.

तो पाय आज जागेवर आहे. नसता, तर इथपर्यंतचं हसत लिहायची माझी छाती झाली नसती. पण त्या दिवशी हे ठाऊक नव्हतं. मी त्याला गाडीत घालून लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं. मी त्याच्या पायासाठी बावीस दुधी फिरवले होते आणि मीच त्याला चिखलात उतरवलं होतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने दिवा खाली ओढला आणि म्हणाली, "काका, जरा दुखेल हं." काच खोल रुतली होती. पहिल्यांदा चिमटा निसटला, दुसऱ्यांदाही निसटला. तिसऱ्यांदा तिने तो आत घालून फिरवला आणि ओढला, तेव्हा "आई गं!" म्हणून मी ओरडलो. नर्स दचकून माझ्याकडे बघू लागली.

दादाचा पाय जरासुद्धा हलला नव्हता. तो तोवर डॉक्टरला सांगत होता, की कडेचं खाचर अजून रिकामं आहे आणि तासाभरात सुटका झाली तर बरं. माझं ओरडणं ऐकून तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग ट्रेमध्ये ठेवलेल्या काचेकडे पाहिलं. ती बोटाच्या पेराएवढी होती. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. आमचे वडील गेले तेव्हाही मी त्याला असा घाबरलेला पाहिला नव्हता.

"ह्ये लय दुखायला पायजे व्हतं, न्हवं?" त्याने मला हळूच विचारलं.

"व्हय, दादा," मी म्हणालो.

त्याने माझं मनगट धरलं, ते पट्टी बांधून होईपर्यंत सोडलं नाही.