एअर काढायला दोन माणसं लागतात

मालतीला जाऊन आज वर्ष झालं, आणि मी सकाळपासून ट्रॅक्टरपाशी बसलोय.

तिथीचं श्राद्ध मागेच झालं. मुलगा आला, जेवला, पुण्याला परत गेला.

जाताना म्हणाला, "बाबा, ट्रॅक्टर विकायचं ठरवून टाकलंय. अष्टमी गावचा माणूस आठ-पंधरा दिवसांत घ्यायला येईल. चालू नाही झाला तर ओढून नेईल."

ओढून.

हा शब्द मालतीसमोर काढायची सोय नव्हती.

नव्वदनंतरची गोष्ट. मी रोह्याला कंपनीत, शेती कासूच्या बाजूला. ट्रॅक्टर सेकंडहॅन्ड. रंग उडालेला, डिझेलचा काटा मेलेला. टाकीत काठी घालून डिझेल बघायचं, ते मी हमखास विसरायचो. डोक्यात शाळेतल्या कविता घोळत असायच्या, दुसरं काय!

टाकी कोरडी पडली की लाइनमध्ये हवा शिरते. मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही, एअर काढावी लागते.

फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा. खालचा छोटा पंप हाताने मारत राहायचा. आधी फेस येतो. स्वच्छ डिझेल आलं की पंप चालू असतानाच स्क्रू आवळायचा.

रामवाडीच्या मेस्त्रीचा 'उद्या' आठवड्याने उगवायचा. म्हणून आम्हीच करायचो. पाना माझ्याकडे, पंप तिच्याकडे. उपड्या घमेल्यावर बसायची, पदर खोचून.

एकदा म्हणाली, "अहो, मेस्त्री तर एकटाच करतो."

"त्याचे हात लांब हायत. आपल्याला दोन माणसं लागतात."

"लागूदेत," म्हणाली.

हात मात्र भलता घाईचा. भातच कांडतेय जशी! म्हणून मी कविता लावून दिली. शाळेतली, नदीची. ठेक्यावर पंप मारायचा. तिलाही ती येत होती, पण पहिलंच कडवं. मिठागराजवळची शाळा, थोरल्या बहिणीचं जुनं पुस्तक, पुढचं पान फाटलेलं.

मी रंगात येऊन दुसऱ्या कडव्यात शिरलो की खालून आवाज यायचा, "कडवं संपलं! स्क्रू आवळा आधी, नदी कुठं पळून जात नाय!"

एकदा भर रस्त्यात बंद पडला. गाववाले जमले. कोणीतरी दोर आणला.

"वहिनी, ओढून नेऊ या घरापर्यंत."

मालती आडवी उभी राहिली. "मेलेलं ढोर ओढतात. ह्यो जिता हाय. आपल्या पायांनी येईल."

कॅनमधलं डिझेल टाकीत ओतलं, आणि भर उन्हात, सगळ्यांसमोर, दोघांनी कविता म्हणत एअर काढली. लोक हसत होते. हसूदेत. ट्रॅक्टर आपल्या पायांनी घरी आला. ती मडगार्डवर बसून, अशी काही ऐटीत, की वरातच!

आज ह्या पोस्टला लावायला फोटो शोधला. तिचा-माझा ट्रॅक्टरसोबतचा एकही नाही. दोघांचे हात तेलाचे, काढणार कोण?

ती गेल्यापासून तो उभाच होता. काल पेणहून बॅटरी चार्ज करून आणली. आज टाकी धुतली, डिझेल भरलं. स्टार्टर मारला. नुसताच गरगरला.

एअर.

शेजारच्या सूनबाईला हाक मारणार होतो. तोंडापर्यंत आली होती. नाही मारली. त्या घमेल्यावर दुसरं कोणी बसलेलं बघवलं नसतं.

मग वाकलो. डावा हात पंपावर, उजवा पान्यावर. खांदा कुरकुरला, पण हात पोहोचला.

नदीची कविता म्हटली. एकट्यानेच, मोठ्याने. कुत्रं उठून बघायला लागलं.

फेस आला. गेला. स्वच्छ डिझेल आलं, बरोब्बर पहिल्या कडव्याच्या शेवटाला.

मी थांबलो. डिझेल बोटांवरून वाहत राहिलं. खालून कोणी काही बोललं नाही.

स्क्रू आवळला. स्टार्टर मारला. काळा धूर सोडून तो सुरू झाला. अंगण थरथरलं. घमेलंसुद्धा.

एकट्याला जमतं गो हे. मालती, तुला ठाऊक होतं ना? मेस्त्रीला तू बघितलं होतंस. तरी दरवेळी पदर खोचून यायचीस.

मला आज कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

त्याला ओढून नेणार नाहीत. आपल्या पायांनी जाईल तो, फाटकापर्यंत मी चालवत नेईन.

दुसरं कडवं मी म्हटलं नाही.

येतो गो. हात धुतो आता.