पंचविसावं अक्षर

आमच्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तीस वर्षं बसलेल्या बाईंना सगळे बोर्डमावशी म्हणायचे. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायच्या. मी कॉम्प्युटर विभागातला. तेव्हा मला अक्कल कमी आणि तोंड जास्त होतं.

जुना बोर्ड काढून इंटरनेटवरचे फोन बसवायचं ठरलं. एकोणचाळीस वॉर्ड आणि एक मावशींचं टेबल, असे चाळीस फोन. प्रत्येक फोनला तीन गोष्टी: त्याचं नाव, हॉस्पिटलचं नाव आणि पासवर्ड. या तिन्हींच्या मध्ये कोलन घालून एक ओळ करायची आणि माझ्या प्रोग्रॅमला द्यायची. तो तिचा हॅश काढतो, म्हणजे ओळ दळून बत्तीस अक्षरांचं पीठ करतो. सर्व्हरवर ठेवायचं ते फक्त पीठ, पासवर्ड नाही. पीठ चोरीला गेलं तरी त्याचे पुन्हा गहू होत नाहीत. फोन आपल्याकडचा पासवर्ड तसाच दळतो, आणि दोन्हीकडचं पीठ जुळलं तरच लाइन मिळते.

"एवढंच ना?" मावशी म्हणाल्या. "दे इकडे, मी टाइप करते."

चाळीसच्या चाळीस ओळी त्यांनी टाइप केल्या, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून. मी हॅश काढून सर्व्हरवर चढवले. सकाळी फोन लावले, तर एकही लागेना! प्रत्येक फोनवर तोच लाल दिवा.

आमचे साहेब तणतणत आले. "टाइप कुणी केलं?"

मी काय करावं? मावशींकडे बोट दाखवलं. आजही आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"वय झालं की असंच व्हायचं," साहेब म्हणाले. "मावशी, उद्यापासून तुम्ही खाली चादरींच्या कोठारात बसा. फोन जोडायचं काम दुसरं कुणीतरी बघेल."

साहेब गेले. मावशी पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "मला माणसांचा आवाज लागतो रे. चादरी काय बोलणार माझ्याशी?"

मला रडू आवरेना, म्हणून मी चिडलो. "मग नीट टाइप करायचं ना, मावशी!"

"नीटच केलंय," त्या ठामपणे म्हणाल्या. "काढ ती यादी."

आम्ही शेजारी बसलो. बाराव्या वॉर्डाची ओळ त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचली. बरोबर. तेराव्याची, बरोबर. चौदाव्याची, बरोबर. मला कंटाळा यायला लागला, तेवढ्यात त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "हा पंचवीस कसला आकडा?"

"ओळीत किती अक्षरं आहेत ते मोजतो प्रोग्रॅम. मीच टाकलंय, हौस म्हणून."

"मग तुझा प्रोग्रॅम आंधळा आहे. फोनचं नाव सहा, कोलन एक, हॉस्पिटलचं आठ, कोलन एक, पासवर्ड आठ. चोवीस झाले."

"पुन्हा मोजा."

त्यांनी बोटांवर पुन्हा मोजले. चोवीसच. चाळीसही ओळींत एकेक अक्षर जास्त निघालं, आणि दिसत तर कुठेच नव्हतं. माझ्या डोक्यात उजेड पडला. ओळ संपली की आपण एंटर दाबतो ना? तो एंटर माझ्या प्रोग्रॅमने काढून टाकायला हवा होता. त्याने तोही अक्षर समजून दळून टाकला होता. गव्हात एक खडा गेला की पीठ वेगळंच! चूक माझी होती, शंभर टक्के माझी.

प्रोग्रॅममध्ये एंटर गाळणारा एक शब्द घातला, हॅश पुन्हा काढले, चढवले. बाराव्या वॉर्डाचा दिवा हिरवा झाला. मग तेरावा. मग धडाधड सगळे. मावशींनी एकदम टाळीच वाजवली.

साहेब धावत आले आणि माझी पाठ थोपटायला लागले. "शाब्बास! निस्तरलंस शेवटी मावशींचं!"

खरं सांगतो, क्षणभर मी तोंड मिटून घेतलं. कुणाला कळणार होतं? मावशी माझ्याकडे बघत होत्या, पण चुगली करायची नाही म्हणून गप्प होत्या. त्यांचं ते गप्प राहणंच मला जास्त लागलं.

"साहेब, मावशींची एकही चूक नव्हती," मी म्हणालो. "सगळा घोळ माझा. आणि तो सापडला मावशींना. मी पदव्या मिरवतो, पण मोजायला त्याच बसल्या."

साहेबांचा हात माझ्या पाठीवर तसाच राहिला. मावशींकडे बघून ते काहीतरी बोलणार, बहुधा माफीच मागणार होते, तेवढ्यात मावशींच्या टेबलावरचा नवा फोन वाजला.

मावशींनी बोट वर करून साहेबांना थांबवलं आणि फोन उचलला. "हॅलो... अगं बाराव्यातली सिस्टर का? बोल, कुणाला जोडू?"

साहेब हात जोडून उभे राहिले, मावशींचं बोलणं संपेपर्यंत.