हसा बघू

आमच्या नेरूळच्या सोसायटीतला तळमजल्यावरचा म्हातारा रोज सकाळी मला लिफ्टपाशी अडवतो. "अण्णा, हसा बघू," म्हणतो आणि ओठांकडे टक लावून बघतो. मग हात वर करायला लावतो. मी काय शाळेतलं पोर आहे? माझ्या लेकानेच पाळतीवर ठेवला असणार.

परवा खडसावलं, "माझ्या तोंडात काय बघता?"

तो म्हणाला, "बायकोचं तोंड एका बाजूला ओघळलं, मला वाटलं रुसली. मेंदूत गुठळी होती. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात."

खरं असेल, खोटंही असेल. तरी काल हसलो. पण त्याच्या हुकमाने पुरतं कशाला हसायचं, म्हणून एकाच गालाने. तर हा गडी "रिक्षा! रिक्षा!" ओरडत अनवाणी रस्त्यावर धावला.